इंग्रजी कच्चं, पण नेमकं कुठे? परीक्षेसाठी चुकांची वही

"माझं इंग्रजी कच्चं आहे," असं सांगत कोणी आलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठे कच्चं? उत्तरादाखल बहुतेक वेळा नुसतं हसू मिळतं. गणितात मागे पडलेला मुलगा निदान सांगतो, शेकडेवारी जमते पण काळ-काम-वेग आला की अडतो. इंग्रजी मात्र सरसकट कच्चं. आणि सरसकट कच्चं म्हटलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही, मग मुलं पहिल्या पानापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

मी बँकेत नोकरीला आहे, राहायला कळव्याला. रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडून तुर्भ्याला जाते. रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या ऑफिसात काही मुलंमुली जमतात. कळवा, विटावा, दिघा, ऐरोली इथली, बहुतेक मराठी माध्यमाची. कोणी एसएससीची, म्हणजे केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठीच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची, तयारी करतंय, कोणी बँकेची, कोणी तलाठ्याच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसलंय. फी नाही, चहा मात्र ज्याचा त्याने. त्या बैठकांत ज्याचा खरोखर उपयोग होताना दिसला तेवढंच इथे लिहिते. इंग्रजी फाडफाड बोलायचं कसं, हा यातला विषय नाही. ते वेगळं काम आहे आणि त्याला वेगळा वेळ लागतो. परीक्षेतलं इंग्रजी मर्यादित आहे. ठरावीक नियम आणि ठरावीक सापळे कपडे बदलून पुन्हा पुन्हा येतात. ते ओळखता येणं हा सराव.

आधी एक जुना पेपर

व्याकरणाचं जाडजूड पुस्तक विकत आणून नामाच्या प्रकारांपासून सुरुवात करू नका. पहिल्या प्रकरणावर पेन्सिलीच्या खुणा आणि पुढची सगळी पानं कोरी, अशी पुस्तकं मी ढिगाने पाहिली आहेत. पुस्तक लागतंच, पण ते संदर्भाला. सुरुवात जुन्या प्रश्नपत्रिकेने करायची. एमपीएससीच्या संकेतस्थळावर मागच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका मिळतात. तुमची परीक्षा वेगळी असेल तर तिच्या घ्या. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढा. मोबाइलवर सोडवलेल्या पेपरवर खुणा करता येत नाहीत आणि आपल्याला तर खुणाच हव्या आहेत.

कोणत्या परीक्षेत इंग्रजीचं वजन किती, हे एकदा नीट बघून घ्या म्हणजे वेळ किती द्यायचा ते ठरतं. एसएससीच्या सीजीएलला, म्हणजे पदवीधरांसाठीच्या परीक्षेला, पहिल्या टप्प्यात १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे, गुण ५०. दुसऱ्या टप्प्यात सगळ्यांना द्याव्या लागणाऱ्या पेपरात इंग्रजीचे ४५ प्रश्न, प्रत्येकी ३ गुण, म्हणजे १३५. संगणकाचा भाग फक्त पात्रतेपुरता असतो, तो सोडला तर एकूण ३९० गुण उरतात. त्यातला एक तृतीयांशाहून जास्त वाटा इंग्रजीचा. बँकांच्या भरतीची परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या क्लार्क पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न आणि त्यांना २० मिनिटं. २०२३ च्या तलाठी भरतीत २०० पैकी ५० गुण इंग्रजीला होते. नमुना बदलू शकतो, तेव्हा नवी जाहिरात आली की तिच्यातलाच तक्ता खरा मानायचा, आमच्यासारख्यांची सांगोवांगी नाही.

तर पहिला पेपर घड्याळ न लावता सोडवा. गुण मोजायचे नाहीत, चुका मोजायच्या.

वहीचे चार रकाने

दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासाठी एक ओळ आणि चार रकाने: प्रश्न थोडक्यात, मी दिलेलं उत्तर, बरोबर उत्तर, आणि का चुकलं. पहिले तीन रकाने सगळेच भरतात. खरं काम चौथ्यात आहे. तिथे "सिली मिस्टेक" लिहायला माझ्याकडे बंदी आहे, कारण त्यातून काहीच कळत नाही. कारणं चारच ठेवायची. नियमच माहीत नव्हता. नियम माहीत होता, पण या वाक्यात तो लागतो हे दिसलं नाही. शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. किंवा प्रश्न अर्धवट वाचला, म्हणजे विरुद्धार्थी विचारलं होतं आणि समानार्थीवर टिक केली.

तीन-चार पेपर झाले की चौथा रकाना वरून खाली वाचायचा. विटाव्याच्या एका मुलीला ठाम वाटत होतं की तिचं व्याकरण वाईट आहे. तिच्या वहीत "नियम माहीत नव्हता" जेमतेम दोन-तीनदा होतं, बाकी सगळीकडे "दिसला नाही". तिला आणखी नियम शिकवण्यात काही अर्थ नव्हता. वाक्याकडे बघायचं कसं, याचा सराव द्यायचा होता. दिघ्याच्या एकाचं नेमकं उलटं निघालं. दोघांना एकच क्लास लावला असता तर दोघांचेही पैसे गेले असते.

मराठीतून येणाऱ्या चुका

आपण मराठीत विचार करतो, त्यामुळे आपल्या चुकाही मराठी असतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उलट फायदा आहे, कारण त्या आधीच ओळखता येतात. पेपर काढणारेही त्याच जागी बोट ठेवतात.

सगळ्यात आधी कर्ता आणि क्रियापद. "द लिस्ट ऑफ सिलेक्टेड कॅन्डिडेट्स हॅव बीन पब्लिश्ड." कानाला ठीक वाटतं, कारण "हॅव"च्या शेजारी "कॅन्डिडेट्स" बसलेत. पण प्रसिद्ध झाली ती यादी, उमेदवार नव्हेत. म्हणून "हॅज". इथे उपाय एकच: "ऑफ"पासून सुरू होणारा तुकडा पेन्सिलीने खोडायचा आणि उरलेलं वाक्य वाचायचं. "अलाँग विथ", "ॲज वेल ॲज", "टुगेदर विथ" यांचे तुकडेही तसेच खोडायचे. "द मॅनेजर, अलाँग विथ हिज क्लार्क्स, वॉज प्रेझेंट." क्लार्क कितीही असोत, क्रियापद मॅनेजरचं. "वन ऑफ द"नंतर नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी. "ए नंबर ऑफ" आलं तर अनेकवचन, "द नंबर ऑफ" आलं तर एकवचन. "आयदर-ऑर" आणि "नायदर-नॉर"मध्ये मात्र जवळच्या कर्त्याचं ऐकायचं. एवढ्यावर या प्रकारचे बहुतेक प्रश्न निघतात.

मग काळ. मराठीत "मी त्याला काल बघितलंय" हे बिनघोर चालतं. म्हणून "आय हॅव सीन हिम यस्टरडे" आपल्याला खटकत नाही. इंग्रजीत संपून गेलेली वेळ सांगितली की "हॅव" बाद: "आय सॉ हिम यस्टरडे." यस्टरडे, अगो, लास्ट मंथ किंवा एखादं साल दिसलं की त्याला गोल करा आणि मग क्रियापद बघा. मी मुलांना आपल्याच गावचं वाक्य देते: "द फर्स्ट पॅसेंजर ट्रेन हॅज रीच्ड ठाणे इन १८५३." साल दिसलं, "हॅज" गेलं, "रीच्ड" उरलं.

"पासून" हा आणखी एक खड्डा. सकाळपासून थांबलोय, दोन तासांपासून थांबलोय, दोन्हीकडे आपला एकच प्रत्यय. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण असेल तर "सिन्स", कालावधी असेल तर "फॉर". "सिन्स मॉर्निंग", पण "फॉर टू अवर्स". शिवाय आपण "थांबलोय" वर्तमानात म्हणतो, त्यामुळे "आय ॲम वेटिंग सिन्स मॉर्निंग" लिहून मोकळे होतो. बरोबर वाक्य: "आय हॅव बीन वेटिंग सिन्स मॉर्निंग." एकाच वाक्यात दोन चुका लपवायची ही आवडती जागा आहे.

जोड्यांकडे लक्ष ठेवा. मराठीत "जरी" आलं की "तरी" येतंच, "जर"मागे "तर". ही सवय इंग्रजीत घुसते: "ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही वर्क्ड." "ऑल्दो" असेल तर "बट" नको. "यट" चालतं, नाहीतर नुसता स्वल्पविराम. "ॲज" म्हणून वाक्य सुरू केलं की पुढे "सो" नको. आणि "पाऊस पडेल तर" डोक्यात असल्याने "इफ इट विल रेन" असं होतं. अटीच्या भागात साधा वर्तमान हवा, "इफ इट रेन्स", "विल" दुसऱ्या भागात. "अनलेस"मध्ये नकार आधीच आहे, त्याच्या मागे "डोन्ट" लावायचा नाही. इंग्रजीच्या स्वतःच्या जोड्या मात्र पाठच कराव्या लागतात: "नो सूनर"ला "दॅन", "हार्डली" आणि "स्केअर्सली"ला "व्हेन", "लेस्ट"ला "शुड". "नो सूनर"ने वाक्य सुरू झालं की "डिड" किंवा "हॅड" कर्त्याच्या आधी येतं. परीक्षेबाहेर ही वाक्यं फारशी कोणी बोलत नाही, पण परीक्षेत येतात म्हणजे येतात.

शब्दयोगी अव्ययांची, म्हणजे प्रिपोझिशनची, यादी मोठी आहे. ती यादी म्हणून पाठ करायला गेलात तर आठवड्यात विसराल. त्यापेक्षा मराठी प्रत्यय कुठे फसवतो ते बघा. एखाद्या विषयावर चर्चा, म्हणून "डिस्कस अबाउट". पण "डिस्कस"ला काहीच लागत नाही. ठाण्याला पोहोचलो, म्हणून "रीच्ड टु ठाणे". तिथेही काही नको. त्याच्यावर चिडला, म्हणून "अँग्री ऑन". हवं "अँग्री विथ". गणितात हुशार, म्हणून "गुड इन". हवं "गुड ॲट". तिच्याशी लग्न झालं, म्हणून "मॅरीड विथ". हवं "मॅरीड टु". याच्यापेक्षा त्याला पसंती, म्हणून "प्रिफर दॅन"; हवं "प्रिफर टु". तसंच "सुपीरिअर", "इन्फिरिअर", "सीनियर", "ज्युनियर" यांनाही "दॅन" नाही, "टु". "लुक फॉरवर्ड टु" आणि "अकस्टम्ड टु" यांच्यापुढे क्रियापदाचं आयएनजीचं रूप, हे वेगळं लक्षात ठेवा.

आता आर्टिकल, म्हणजे "ए", "ॲन" आणि "द". मराठीत ही भानगड नाही, त्यामुळे मुलं अंदाजाने ठोकतात. "ए" की "ॲन" यासाठी इंग्रजी स्पेलिंग बघूच नका. शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर "ॲन", व्यंजन असेल तर "ए". "युनिव्हर्सिटी"चं स्पेलिंग यू या स्वराने सुरू होतं, पण देवनागरीत पहिलं अक्षर य, म्हणून "ए युनिव्हर्सिटी". "युरोपियन"चंही तेच. "वन-रुपी कॉइन" व पासून, म्हणून "ए". "अवर" आणि "ऑनेस्ट" यांच्या स्पेलिंगात एच असला तरी आपण लिहितो अ आणि ऑ, म्हणून "ॲन". "एमबीए", "एफआयआर", "आरटीआय" तिन्हींना "ॲन", पण "यूपीएससी"ला "ए". इंग्रजी माध्यमाची मुलं जिथे स्पेलिंगमुळे अडखळतात तिथे आपली बाराखडी सरळ उत्तर देते. "द"चं प्रकरण लांबलचक आहे. त्यातलं नद्या, समुद्र, क्रमवाचक आणि "मोस्ट"सारखी रूपं एवढं आधी पक्कं करा: द उल्हास, द अरेबियन सी, द फर्स्ट, द टॉलेस्ट. बाकीचं वहीत चुका येतील तसं.

"इन्फॉर्मेशन्स", "फर्निचर्स", "ॲडव्हायसेस", "लगेजेस" ही अनेकवचनं नाहीतच. "न्यूज"च्या शेवटी एस असला तरी ती एकवचनी. पुढे चला.

एक इशारा मात्र देते. "कानाला बरं वाटतं" यावर विसंबू नका. आपला कान ऑफिसातल्या इंग्रजीवर वाढलेला आहे. दिवसभर "रिव्हर्ट बॅक", "रिटर्न बॅक", "रिपीट अगेन", "कझिन ब्रदर" कानावर पडत असतं, मग तेच बरोबर वाटायला लागतं. चूक ओळखण्याच्या प्रश्नात ठरलेला क्रम ठेवा: कर्ता-क्रियापद, मग वेळ आणि काळ, मग जोडी, मग प्रिपोझिशन, मग आर्टिकल. पाचही तपासून काही सापडलं नाही तर निर्धास्तपणे "नो एरर"वर टिक करा. पुष्कळ मुलं या पर्यायाला घाबरतात आणि धडधाकट वाक्यात आजार शोधत बसतात.

गाडीतला सराव

ठाण्याहून वाशीची गाडी साधारण अर्धा तास घेते. उभ्याने प्रवास असेल तर व्याकरण सोडवू नका, होत नाही. कान उघडे ठेवा. "द इनकन्व्हिनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड" ही घोषणा आपण इतक्या वेळा ऐकतो की ती आता ऐकूच येत नाही. तिच्यात क्रियापदाचं तिसरं रूप दोनदा आहे आणि दोन्हींचं काम वेगळं. "कॉज्ड" हे "इनकन्व्हिनियन्स"चं विशेषण, झालेली गैरसोय. "इज रिग्रेटेड" हा कर्मणी प्रयोग, आणि खेद नेमका कोणाला वाटतो हे सोयीस्करपणे गाळलेलं. कर्ता गाळलेले असेच कर्मणी प्रयोग परीक्षेत विचारतात. "अलाइट", "बोर्ड", "हॉल्ट", "टर्मिनेट" हे शब्दही स्टेशनवर फुकट मिळतात. डब्यात साखळीशेजारी दंडाची सूचना असते. ज्या रेल्वे कायद्याच्या, म्हणजे १९८९ च्या कायद्याच्या, कलम १४१ वर ती उभी आहे त्यात "रीझनेबल अँड सफिशियंट कॉज" असे शब्द आहेत. पुरेशा कारणाशिवाय साखळी ओढली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "सफिशियंट"चे समानार्थी शब्द आठवता आठवता रबाळे स्टेशन येतं.

बसायला जागा मिळाली तर वाक्यांची क्रमवारी लावण्याचे प्रश्न काढा, त्यांना कागद लागत नाही. "ए"ने ओळख करून दिलेली वस्तू पुढच्या वाक्यात "द" किंवा "इट" होऊन येते, हा धागा पकडायचा. "ए ट्रेन लेफ्ट बोरी बंदर ऑन १६ एप्रिल १८५३." "इट कॅरीड सम ४०० गेस्ट्स इन १४ कॅरिजेस." "द जर्नी एन्डेड ॲट ठाणे." यातलं "इट" पहिलं येऊच शकत नाही, कारण "इट" म्हणजे कोण ते अजून ठरलेलं नाही. चार-पाच वाक्यांत अशी एक पक्की जोडी सापडली की निम्मे पर्याय तिथेच गळतात.

शब्द

पाच हजार शब्दांच्या पुस्तिका स्टेशनबाहेर मिळतात. त्या घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण त्यांच्यापासून सुरुवात नको. आधी जुन्या पेपरातले समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार आणि शब्दसमूहाबद्दल एक शब्द हे सगळं गोळा करा. उत्तराचाच नाही, चारही पर्यायांचा अर्थ लिहा. या वर्षीचा चुकीचा पर्याय पुढे कधीतरी बरोबर उत्तर म्हणून येतो.

शब्द एकटा ठेवू नका, त्याच्या कुटुंबासकट उचला. शब्दाच्या शेवटी येणारं "साइड" म्हणजे मारणं हे कळलं की होमिसाइड, जेनोसाइड, रेजिसाइड, पेस्टिसाइड एका बैठकीत होतात. "क्रसी" म्हणजे सत्ता, मग ऑटोक्रसी, ब्युरोक्रसी, प्लुटोक्रसी. "फोबिया"ची यादी अमर्याद आहे. पाण्याची, उंचीची, बंद जागेची आणि परक्यांची भीती एवढ्यावर थांबा, हौस असेल तर पुढे जा.

दुसरा साठा कागदपत्रांचा. माझ्या टेबलावरून रोज जाणारे फॉर्म म्हणजे शब्दसंग्रहच आहेत. दीर्घकाळ व्यवहार नसलेलं खातं "डॉर्मंट", आणि परीक्षेत त्याचा समानार्थी "इनॲक्टिव्ह". थकबाकी "एरियर्स", आकारणी "लेव्ही", माफी "वेव्हर", खोटी सही "फोर्जरी". संयुक्त खात्यावर "आयदर ऑर सर्व्हायव्हर" लिहिलेलं असतं, ते वाचून "आयदर-ऑर" कायमचं डोक्यात बसलेली मुलं मला माहीत आहेत. मुद्दल आणि तत्त्व दोन्हींचा उच्चार "प्रिन्सिपल". मुद्दलाच्या आणि मुख्याध्यापकांच्या शेवटी ए एल, तत्त्वाच्या शेवटी एल ई. "स्टेशनरी"ची गंमत तशीच. वह्या-पेनवाल्या शब्दात शेवटी ई आर वाय, एका जागी उभ्या असलेल्या गाडीच्या शब्दात ए आर वाय. घरातलं विजेचं बिल, मालमत्ता कराची नोटीस, विम्याची पॉलिसी यांतही असे शब्द सापडतील. आईवडील त्यावर सही करतात, तुम्ही ते वाचा.

स्पेलिंगसाठी जोडीने येणाऱ्या अक्षरांकडे बघा, चूक बहुधा तिथेच असते. "ॲकॉमोडेशन"मध्ये दोन सी आणि दोन एम. "कमिटी"त दोन एम, दोन टी, दोन ई. "ऑकरन्स"मध्ये दोन सी, दोन आर. "एम्बॅरस"मध्ये दोन आर, दोन एस. "सेपरेट"मध्ये पी नंतर ए. हाताने लिहा. बोटाने टाइप केलं की मोबाइल आपणहून दुरुस्त करतो आणि चूक तुमच्याकडेच राहते.

वाक्प्रचारात शब्दशः अर्थाचा पर्याय हमखास दिलेला असतो, तो आधी खोडा. "बरी द हॅचेट"मध्ये कुऱ्हाड पुरण्याबद्दल काही असेल तर तो सापळा. अर्थ भांडण मिटवणं. "व्हाइट एलिफंट"मध्ये प्राणी आला की तोही बाद.

आता लक्षात ठेवायचं कसं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे उजळणी लवकर हवी, आणि नंतर लांबलांब अंतराने. सेबास्टियन लाइटनर या लेखकाने १९७० च्या दशकात त्यासाठी कार्डांचा खोका सुचवला, तोच आम्ही मिठाईच्या खोक्यात करतो. पुठ्ठ्याने तीन कप्पे पाडायचे. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि स्वतः बनवलेलं वाक्य. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. अर्थ आला तर कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आला तर कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. नवे शब्द दिवसाला दहाच्या वर घेऊ नका. आणि वाक्य तुमच्याच आयुष्यातलं हवं. "रिलक्टंट"साठी ऐरोलीच्या मुलाने लिहिलं होतं की रिक्षावाले घणसोलीला यायला "रिलक्टंट" असतात. तो शब्द तो आता विसरणार नाही.

वाचनाला पर्याय नाही, पण इंग्रजी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्याची गरजही नाही. रोज एक संपादकीय पुरे. पहिल्या वाचनात एकाही शब्दाला अडायचं नाही. लेखकाचं म्हणणं मराठीत दोन ओळींत लिहायचं. मग दुसऱ्या वाचनात फक्त तेच शब्द उचलायचे ज्यांच्यामुळे अर्थ अडला. घरी जागा नसेल, टीव्ही चालू असेल, तर वाचनालय गाठा. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. स्पर्धा परीक्षांसाठी महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे, तिच्या प्रवेशाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरांचं नाव तिला दिलेलं आहे, आणि तेही रायगडमधल्या गावातून निघून आयसीएस, म्हणजे इंग्रजांच्या काळातले सनदी अधिकारी, झाले होते.

घड्याळ आणि उणे गुण

वहीतल्या चुका कमी व्हायला लागल्या की मगच घड्याळ लावा. आधी लावलंत तर फक्त घाई शिकाल. एसएससीच्या पहिल्या टप्प्यातले इंग्रजीचे २५ प्रश्न बारा-तेरा मिनिटांत संपले पाहिजेत, नाहीतर गणिताला वेळ उरत नाही. शब्दांचे प्रश्न आधी, कारण तिथे येतं किंवा येत नाही, विचार करून काही निघत नाही. मग चुका ओळखणं, शेवटी उतारा. उताऱ्याचे प्रश्न आधी वाचून मग उतारा वाचावा या मताची मी आहे. काही जण उलटं करतात, त्यांना जमत असेल तर जमू दे.

अंदाजाने उत्तर द्यावं का, हे भीतीवर न सोडता हिशेबावर सोडा. सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात बरोबर उत्तराला २ गुण, चुकीला अर्धा गुण वजा, पर्याय चार. डोळे मिटून टिक केली तरी सरासरीने एक अष्टमांश गुण हाती लागतो, म्हणजे जवळपास काहीच नाही. एक पर्याय खात्रीने खोडता आला तर सरासरी एक तृतीयांश गुण, दोन खोडता आले तर पाऊण गुण. दुसऱ्या टप्प्यात ३ गुणांना १ वजा, तिथे आंधळ्या अंदाजाची सरासरी शून्य. बँकेच्या परीक्षेत पाच पर्याय आणि चुकीला पाव गुण वजा, तिथेही शून्य. त्यामुळे आमचा नियम असा: एकही पर्याय खोडता आला नाही तर सोडून द्या, एक जरी खोडला तरी उरलेल्यांपैकी एकावर टिक करा. २०२३ च्या तलाठी परीक्षेत उणे गुण नव्हते, अशा परीक्षेत एकही प्रश्न कोरा ठेवणं म्हणजे गुण दान करणं.

शेवटच्या आठवड्यात नवा शब्द नको, नवं पुस्तक तर नकोच. वहीतल्या फक्त "दिसला नाही" लिहिलेल्या ओळी पुन्हा सोडवा आणि खोक्यातला पहिला कप्पा रोज बघा. परीक्षा झाल्यावर एसएससीसारख्या परीक्षांत उत्तरतालिकेबरोबर तुम्ही दिलेली उत्तरंही ऑनलाइन बघायला मिळतात. ती लिंक ठरावीक दिवसच चालू असते, म्हणून पीडीएफ त्याच दिवशी उतरवून घ्या आणि इंग्रजीतल्या चुका त्याच वहीत, त्याच चार रकान्यांत टाका. निकाल काही लागो, पुढच्या पेपरची तयारी करताना वही उघडायची ती त्या पानापासून.